चुंबक न चिकटणारं स्टील

शेंद्र्याच्या माझ्या छोट्या शेडमध्ये बोटाचा ठसा घेऊन दार उघडणाऱ्या यंत्रांच्या स्टीलच्या पेट्या बनतात. आतली इलेक्ट्रॉनिक करामत दुसऱ्यांची, बाहेरचा पत्रा माझा. गिऱ्हाइकाला स्टीलमधलं फारसं कळत नाही, पण चुंबक चिकटलं नाही की माल अस्सल, एवढं प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून माझ्या खिशात कायम चुंबक असायचं. पत्र्यावर टेकवून घसरू दिलं की समोरचा खूश. दोनशे दोन नंबरच्या हलक्या स्टीललाही ते चिकटत नाही, हे मी कशाला सांगतोय!

पैठण रस्त्यावरच्या एका लोणच्याच्या कारखान्याला मी त्याच हलक्या स्टीलच्या पेट्या दिल्या. तिथल्या कामगारांची बोटं दिवसभर मिठात. तिथं मिठाला दाद न देणारं तीनशे सोळा नंबरचं स्टील हवं, गेलाबाजार तीनशे चार तरी, हे मला पाठ होतं. पण पत्रा स्वस्तात मिळाला आणि मोह झाला.

चार महिन्यांत पेट्यांवर तांबूस ठिपके आले. मॅनेजरनं बोलावलं. झाडलोट करणाऱ्या मावशीही फडकं घेऊन उभ्या होत्या.

"ॲसिडनं पुसता काय हो यांना?" त्यानं विचारलं.

"नाय साहेब. साधं पाणी अन् फडकं. संडासाचं ॲसिड हितं कशाला आणीन मी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी एका ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "ॲसिडचंच काम दिसतंय." इतक्या सहज, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

नव्या पेट्या, या खेपेला चांगल्या स्टीलच्या, बसवायला गेलो तेव्हा कळलं की मावशींना कामावरून काढलंय. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी मुकाट्यानं स्क्रू आवळत राहिलो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

गेल्या महिन्यात शहागंजच्या बाजारात त्या दिसल्या. मी नजर चुकवून सटकत होतो, त्यांनीच हाक मारली. आता चार घरची धुणीभांडी करतात म्हणाल्या. वाटलं, चारचौघांत शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, लई दिवस मनात होतं. ॲसिड मी लावलं नव्हतं, पण बादली संडासातलीच असायची. तेच लागलं असंल. माझ्यापायी तुमच्या पेट्या खराब झाल्या. माफ करा."

"असू द्या मावशी, होतं असं," म्हणत मी त्यांना माफ केलं.