बोटाला न लागलेली थंडी

लग्न होऊन आल्यापासून ती लाँड्रीत इस्त्री करायची. घरी यायची ती मान आखडून, तोंड मिटून. शेवटी नणंदेनेच तिच्या हातात भरतकामाची रिंग आणि दोऱ्यांचा डबा ठेवला. "वहिनी, लोकांच्या सुरकुत्या किती काढशील? जरा स्वतःसाठी सुई धर."

तिला नादच लागला. हिवाळ्यात कामाला जाताना ती रेंगाळू लागली. दव अडकलं की कोळ्याचं जाळं दिसतं, एरवी नाही. वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात. पानं गळून गेली तरी पुढच्या पालवीचे कोंब फांदीवर आधीच मिटून बसलेले असतात. इतकी वर्षं आपण हे पाहिलंच कसं नाही, याचं तिला नवल वाटायचं. संध्याकाळी तेच ती कापडावर उतरवायची.

एका सकाळी कुंपणाच्या तारेवर दव गोठलं होतं. तिने बोट लावलं. बर्फ विरघळला, बोट ओलं झालं. गार मात्र लागलं नाही. डाव्या हाताचं लावलं, ते चटकन झोंबलं.

"सरावलाय उजवा," ती स्वतःशीच म्हणाली. इस्त्रीचे चटकेही हल्ली कळत नव्हते. दुकानात ती त्याची फुशारकी मारायची. तरी त्या दिवशी ती वाटेत पुन्हा कुठे थांबली नाही.

सुट्टीच्या दिवशी दोघी उन्हात बसल्या होत्या. ती उघडीबोडकी फांदी भरत होती. नणंद वाकून म्हणाली, "हे लाल फळ झकास उठलंय हं!"

"कुठलं फळ? मी लाल दोरा घेतलाच नाही."

दोघींनी पाहिलं. फळ पसरत होतं.

नणंदेने रिंगखालचा तिचा उजवा हात उलटा केला. सुई बोटात रुतून बसली होती. "अगं वहिनी, दुखत नाही तुला?"

"नाही गं," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने सुई ओढून काढली.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "कापूस लागला की बोला." ती वाट बघत राहिली. न राहवून तिने डोळे उघडले, तर कापूस तिच्या मनगटावर फिरत होता.

दुखणं नसांचं निघालं. औषधाने ते थांबेल, पण गेलेला स्पर्श परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. इस्त्री सुटली, मालकाने तिला घड्या घालायला बसवलं.

भरतकाम तिने सोडलं नाही. डाव्या हाताने वेडेवाकडे टाके घालते, आणि मधेच सुई बाजूला ठेवून त्या हाताची बोटं एकेक करून ओठांना लावून बघते.