नसीमला न दिलेली डिस्क

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही.

उमरखेडला माझा कॉम्प्युटर क्लास होता. नसीम माझ्याकडेच शिकली आणि पुढे माझ्याकडेच शिकवायला लागली. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची — हे तेव्हा मी मान्य केलं नसतं. मुली तिचीच बॅच मागायच्या. तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत बिघडलेले ट्रॅक्टर लोकांच्या अंगणात तसेच उभे असायचे. दुरुस्तीला आणणार कोण? घर नसीमच्या पगारावर चाललं होतं.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. खुशीत होती. म्हणाली, "मॅडम, मले एक जुना कॉम्प्युटर भेटला. चांगला आहे, फक्त आत सिस्टीम नाही. आपल्या कपाटात ती बंद पाकिटातली सीडी आहे ना, ती देता काय? मोहल्ल्यातल्या पोरींना घरीच शिकवीन म्हणते. त्यांचे घरचे इतक्या दूर पाठवत नाहीत."

ती ऑपरेटिंग सिस्टीमची डिस्क मी एका नव्या मशीनसाठी घेतली होती. मशीनमध्ये सिस्टीम आधीच भरलेली आली, म्हणून पाकीट फोडलंच नव्हतं. मला तिचा काही उपयोग नव्हता. मग द्यायला काय हरकत होती?

मी म्हणाले, "अगं, ती तर मी केव्हाच दुकानदाराला परत केली."

इतक्या सहज म्हणाले मी. त्या मुली माझ्याकडे येणार नव्हत्याच. तरी मला दिसलं ते एवढंच — नसीमचा क्लास, नसीमच्या नावाची पाटी.

आता डिस्क कपाटात ठेवायची भीती. कपाट तीच आवरायची. मी पाकीट पर्समध्ये टाकून घरी नेलं आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर लिहिलं — सीलबंद डिस्क आहे, गरजूला फुकट देईन, टपालखर्चही माझा. गरजूला! हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही. कोकणातल्या एका शिक्षकांनी मागितली, मी पाठवली. ग्रुपवर लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. ते मी पुन्हा पुन्हा वाचायची — आणि खरं सांगू? मला ते पटायचंही.

त्या शिक्षकांनी आभाराचा मेल पाठवला, तो नेमका क्लासच्या पत्त्यावर. तो पत्ता ग्रुपवर माझ्या नावाखाली मीच टाकलेला. क्लासचे मेल रोज सकाळी नसीम उघडायची, छापून मला द्यायची. त्या दिवशीही तिने छापून आणला. सीलबंद डिस्क, उमरखेडहून आलेलं पार्सल, माझं नाव — सगळं त्यात होतं.

"मॅडम, तुमचं पत्र," ती म्हणाली. आणि तिथेच उभी राहिली.

किती वेळ? मिनिटभर असेल. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — मी काहीतरी बोलेन, अशी वाट बघत होती. काहीही चाललं असतं. आणखी एखादं खोटंसुद्धा.

मी म्हणाले, "ठेव तिथे."

तिने कागद ठेवला आणि बॅच घ्यायला गेली.

त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याकडे होती. एकदाही विषय काढला नाही, कामात कसूर केली नाही. फक्त डबा माझ्यासोबत खायची ती मुलींसोबत खायला लागली. घरचा कॉम्प्युटर तिने भंगारात दिला, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मग नवऱ्याला नांदेडला गॅरेजात काम मिळालं आणि ती गेली. जाताना अनुभवाचा दाखला मागितला. मी चांगला लिहून दिला. तिने वाचला, घडी घातली, "येते मॅडम," म्हणाली.

तेव्हाही खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. बोलता आलं असतं.

मी तिला बसची वेळ विचारली.