माझ्या माहेरची सतरंजी

कुंदा गेली हे मला मेलबर्नहून कळलं. राहायची ती आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली. मी कुकर लावत होते आणि फोन वाजला. माझी मुलगी अनघा बोलत होती. "आई, आधी खाली जा. आत्या..." पुढे तिला बोलवेना. मी जिना उतरून गेले, तर शेजारच्या गायकवाडबाई कुंदाचा हात धरून बसल्या होत्या. "त्यांनी मला बजावून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या, "काही झालं तर पहिला फोन अनूला करा म्हणून." मी तिची सख्खी वहिनी, एका जिन्यावर राहणारी, आणि पहिला फोन साता समुद्रापार. रडू यायच्या आधी मला राग आला, हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही. कुंदा असती तर म्हणाली असती, "वहिनी, तू अशीच गो."

कुंदा माझी धाकटी नणंद. तिने लग्न केलं नाही. सासरे गिरणीतून सुटल्यावर आम्ही सगळे लालबागहून मुलुंडला आलो, तेव्हा खालची जागा तिने स्वतःच्या पगारावर घेतली. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिची कामावरून यायची वेळ झाली की अनू तिच्या दाराशी घुटमळायला लागायची. माझ्या हातची पोळी पोरीला कडक लागायची, आत्याची मऊ. मी सांगितलेलं गणित डोक्यात शिरायचं नाही, आत्याने सांगितलं की लगेच सुटायचं. कांजिण्यांत रात्री मी जागून काढल्या, रोज सकाळी दोन घट्ट वेण्या मी घातल्या, आणि "तू कोणाची गं?" असं कोणी विचारलं की ही बेधडक सांगायची, "आत्याची." लोक हसायचे. मीही हसायचे, दातओठ खाऊन.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती, अनू पाचवीत होती. सोसायटीतल्या मुलांच्या टेपरेकॉर्डरवर ऐकून ऐकून तिला गिटारचं वेड लागलं होतं. कुंदाच्या बाजूला पॅकिंगला बसणारी फिलोमिना मढची. तिचा भाऊ एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्यांचा कार्यक्रम अंधेरीच्या एका मैदानात होता. फिलोमिनाने कुंदाला दोन पास दिले. एक अर्थातच अनूचा. दुसऱ्यासाठी मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, तसला धिंगाणा मला सोसत नाही. पण विचारायला काय झालं होतं? त्या दिवशी कुंदा वर आली ती सरळ माझ्या दिवाणाखाली वाकली. "वहिनी, तुझी ही सतरंजी नेतंय गो. बसायला होईल." निळ्या-तांबड्या पट्ट्यांची ती सतरंजी माझ्या आईने मला लग्नात दिलेली. मुलगी तर नेलीच, वर सतरंजीही नेली.

रॉक कॉन्सर्ट म्हणजे कुंदाच्या मते गणपतीतला ऑर्केस्ट्रा. म्हणून ती पवईवरून जाणारी बस पकडून उन्हातच पोचली, पुढची जागा धरली, स्टेजसमोर सतरंजी अंथरली, रव्याच्या लाडवांचा डबा उघडला आणि अनूला घेऊन मांडी घालून बसली. तिथे कोणी बसत नाही, सगळे उभ्याने नाचतात, हे तिला कोण सांगणार? हळूहळू केस वाढवलेली, फाटक्या जीन्समधली पोरं गोळा झाली. त्यातला एक बुटांसकट सतरंजीवर चढला. कुंदा म्हणाली, "ए राजा, बूट काढ आधी. घरी पण असाच चढतोस काय?" आणि त्याने खरंच बूट काढले. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. शेवटी म्हणे देवळाबाहेर असते तशी बुटांची रांग लागली होती आणि पोरं मोज्यांवर नाचत होती. हा किस्सा आमच्याकडे दर गणपतीत व्हायचा, दोघी मिळून सांगायच्या, अर्धं वाक्य हिचं, अर्धं तिचं. मी चहा गाळत ऐकायचे. त्यात मी कुठेच नव्हते, फक्त माझी सतरंजी होती.

मला त्या दिवसाचं आठवतं ते वेगळंच. मी दार उघडलं तेव्हा अनूचा आवाज बसलेला होता, डोळे चमकत होते, आणि मी घातलेल्या दोन्ही वेण्या सुटलेल्या. केस मोकळे, रिबिनी कुंदाच्या पर्समध्ये.

"वेण्या कोणी सोडल्या?"

"मीच गो," कुंदा म्हणाली. "तिथे शोभत नव्हत्या."

ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी फणी घेऊन बसले, तर अनू म्हणाली, "आज नको ना वेण्या." सतरंजी खालीच राहिली ती राहिलीच. दर रविवारी कुंदा ती ऊन दाखवायला खिडकीच्या जाळीवर टाकायची आणि मी वरून बघत राहायचे. मागितली असती तर तिने हसत दिली असती. पण सतरंजी मागायची तर मग मुलगीही मागायला हवी होती, आणि ती कुठल्या तोंडाने मागणार...

पुढे अनू शिकली, परदेशी गेली. रविवारी तिचा फोन आधी खाली यायचा, मग वर. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर सगळ्या बातम्या शिळ्या झालेल्या असायच्या. बरं, कुंदाला मनसोक्त शिव्या द्याव्यात तर तेवढीही सोय तिने ठेवली नाही. माझे यजमान गेले तेव्हा कितीतरी दिवस ती रोज वर माझ्या सोबतीला झोपायला यायची. स्वतःचा सख्खा भाऊ गेलेला, आणि पाणी मला देत होती.

कुंदाच्या दिवसांना अनू आली. सगळं उरकल्यावर आम्ही दोघी खाली घर आवरायला बसलो, त्याच सतरंजीवर. पट्ट्यांवरून हात फिरवत अनू म्हणाली, "आई, त्या दिवशी मी आधी खूप रडले होते."

"कधी?"

"कॉन्सर्टला. पहिला ड्रम वाजला आणि मी जाम घाबरले. आईकडे जायचंय, आईकडे जायचंय, एवढंच चाललं होतं माझं. आत्याने लाडू दिला, पाणी दिलं, मी काही ऐकेना. शेवटी मीच म्हटलं, आई झोपवताना वेण्या सोडते आणि केसांतून हात फिरवते, तसं कर. तिने केलं. अर्धा कार्यक्रम मी तिच्या मांडीत तोंड खुपसून होते. मग कुठे उठून नाचले."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"तेव्हा लाज वाटली. आणि आत्या म्हणाली, आईला नको सांगू."

"का?"

अनूने खांदे उडवले. तिला अजूनही ठाऊक नव्हतं. मला मात्र तिथल्या तिथे कळलं. हौसेने पास मिळवला, लाडू केले, उन्हातान्हात पोरीला अंधेरीला नेलं, आणि पोरगी तिच्या मांडीत रडली ती माझ्या नावाने. कुंदाच्या जागी मी असते तर मीही कोणाला सांगितलं नसतं. जन्मभर मला वाटत होतं की या घरात जळायचं काम एकट्या माझ्याकडे आहे. खालच्या मजल्यावर दुसरीही जळत होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी कुंदासाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

निघताना अनूने आत्याची आठवण म्हणून सतरंजी मागितली. मी नाही म्हटलं. "माझ्या आईने दिलीय ती. तुला बसायचं असेल तेव्हा इथे येऊन बस."

आता रविवारी अनूचा फोन पहिला मला येतो. दुसरीकडे करायला कोणी उरलंच नाही, तेव्हा यात मी काय मोठं जिंकलं... फोन झाला की मी सतरंजी माझ्या खिडकीच्या जाळीवर ऊन दाखवायला टाकते. ती लांब आहे. तिचं टोक खाली लोंबतं आणि कुंदाच्या खिडकीसमोर येतं. येऊ दे.