सालोमी आत्या नाडी बघते

रविवारची दुपार आहे. चर्चहून येऊन जेवण झालंय, भांडी तशीच ओट्यावर पडलीत आणि माझे डोळे मिटताहेत.

"पुन्हा झोपतेस?" विल्सन दारातून विचारतो. माझा नवरा चिडत नाही, तो काळजी करतो, आणि ते जास्त जड जातं.

"जरा पडते," एवढंच म्हणून मी भिंतीकडे तोंड करते. काय झालंय ते त्याला मी सांगितलेलं नाही.

तुम्हाला सांगते. माझं नाव रिबका. जमीन मोजणीच्या कार्यालयात मी मोजणीदार आहे. लक्ष एका जागी टिकत नाही, ठरवलेलं काम डोक्यातून निसटतं, हे माझं लहानपणापासूनचं. हा आळस नव्हे, आजार आहे, असं चार वर्षांपूर्वी हेरवाडकर मॅडमनी सांगितलं. त्या मनोविकारांच्या डॉक्टर. त्यांच्या गोळीने माझं डोकं ताळ्यावर आलं. पण यंदा रक्तदाब चढला, छाती धडधडू लागली. तेव्हा मॅडम म्हणाल्या, गोळी बंद करू, पण एकदम नाही. मात्रेचा एक टप्पा उतरायचा, दोन आठवडे थांबायचं, रोज रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवायची. झोप, भूक, मन यांत काही बिघडलं तर लगेच फोन करायचा. मनाने काही करायचं नाही.

पहिल्या टप्प्याच्या तिसऱ्याच दिवशी, एका शेतात मोजणी चालू असताना, छाती अशी उडायला लागली की मी बांधावर बसले. घरी येऊन गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर फेकलं. ते सोमवारी. आज सहा दिवस झाले. मी झोपते, उठून खाते, पुन्हा झोपते. फोन करायचं रोज ठरवते.

पंख्याचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो.

मी भिंतीकडे बघते आहे आणि तिथे ऊस तोडून नेलेलं रान आहे. हद्दीचे दगड असायला हवेत तिथे लोखंडी खाटा मांडल्यात, दूरवर, एका रेषेत. प्रत्येक खाटेवर पांढरी चादर. मला त्या मोजायच्या आहेत. सातपर्यंत येते आणि विसरते. पुन्हा पहिल्यापासून मोजते. कोणीतरी माझ्या नकाशाची वाट बघतंय. कोण ते आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच भीती वाटते.

"नवव्या खाटेवर तू आहेस," कोणीतरी मागून म्हणतं.

सालोमी आत्या. पप्पांची थोरली बहीण. अंगावर नर्सची पांढरी साडी, छातीशी पिनेने उलटं लावलेलं घड्याळ. मिरजेच्या एका दवाखान्यात तिने एकतीस वर्षं नोकरी केली. ती जाऊन पाच वर्षं झाली.

"सलाम, आत्या," मी म्हणते.

"सलाम. पड."

मी पडते. रान तसंच आहे, पण वर वॉर्डाचं छत आलंय आणि फिनेलचा वास येतोय. आत्या खाटेच्या पायाशी उभी राहून कागद चाळते.

"शेवटची गोळी कधी घेतलीस?"

"सोमवारी."

"बंद करायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"छाती धडधडत होती. मला वाटलं, गोळीच नको."

"डॉक्टरला फोन?"

"करणार होते."

आत्या कागद खाली ठेवते. "करणार होते," ती हळू म्हणते. "तुझं हे 'करणार होते' मला माहीत आहे, रिबू."

ती हे कधीतरी म्हणणार हे मला पाच वर्षं माहीत आहे.

आत्याला सांधेदुखी होती. आठ वर्षं ती स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होती. तोंड सुजून गोल झालेलं, आरशात स्वतःचीच ओळख पटत नाही म्हणायची. एका मंगळवारी तिचा फोन आला. "बंद केल्या बघ सगळ्या. डॉक्टर ओरडेल, त्याला काय कळवायचं नाही." मी म्हटलं, "आत्या, असं करू नकोस, मी आत्ता पप्पांना सांगते." मी खरंच सांगणार होते. तेवढ्यात मोजणीच्या नोटिशीवरून कोणीतरी टेबलाशी भांडायला आलं आणि ते बोलणं माझ्या डोक्यातून साफ गेलं. नवव्या दिवशी आत्या न्हाणीत पडलेली सापडली. शरीर आठ वर्षं ज्याच्या आधारावर चालत होतं तो आधार एकदम काढला, असं डॉक्टर म्हणाले. मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. वर्षभराने हेरवाडकर मॅडमकडे गेले ती त्यामुळेच.

"आत्या, मी विसरले होते," मी म्हणते. "मी तुझा निरोप विसरले."

"माहीत आहे."

"मी पप्पांना सांगितलं असतं तर?"

"तुझे पप्पा आले असते. मी दार उघडलं नसतं." ती चादर ताणून खोचते. "किंवा उघडलंही असतं. आता कोण सांगणार? पण लोकांना शिकवून शिकवून मी स्वतः लपवलं, ते तुझ्या माथी नाही."

मला रडू येतं, पण पाणी येत नाही. खाट हलायला लागते. तिला चाकं आहेत, ते स्ट्रेचर आहे, आणि आम्ही दवाखान्याच्या लांब उतारावर आहोत. खाली अंधार नाही, उजेडच आहे, पण फार पांढरा. दोन्ही बाजूंना आमच्या कार्यालयाची कपाटं, त्यातून नकाशांच्या सुरळ्या बाहेर आलेल्या. स्ट्रेचर खाली धावायला बघतं. आत्या पुढच्या बाजूला जाऊन पाठ लावते, टाचा रोवते आणि ते अडवून धरत एकेक पाऊल उतरते.

"सोड, आत्या," मी म्हणते. "एकदाची पोचते खाली. संपू दे."

"सोडलं तर वळणावरच्या भिंतीवर जाशील."

"मी काय मरणार आहे का?"

"तुझी गोळी माझ्यासारखी नाही. अंगाला तेवढं होणार नाही कदाचित. पण ही झोप, हे खाणं कुठून आलं? आणि डोक्यात काय चाललंय?"

वळण येतं. आत्या स्ट्रेचर भिंतीशी टेकवून थांबवते. वॉर्डात शंभर खाटा तिची वाट बघत असल्या तरी ती अशीच थांबायची.

"विचारलं मी काहीतरी."

"सकाळी चर्चमध्ये," मी सांगते, "सगळे गात होते. मला वाटलं, मी इथे नसले तरी गाणं असंच चालेल. घर चालेल, ऑफिस चालेल. वाईटसुद्धा वाटलं नाही मला."

आत्याचा चेहरा बदलत नाही. नर्सांचा बदलत नाही. ती फक्त जवळ येते.

"हे आधी सांगायचं. नाडीच्या आधी, रक्तदाबाच्या आधी. डॉक्टरला आणि विल्सनला."

"ते म्हणतील, एवढं साधं जमलं नाही हिला."

"म्हणू देत. मीही तेच धरून बसले होते." ती माझं डावं मनगट हातात घेते. तिची बोटं गार आहेत. नजर छातीवरच्या घड्याळावर. "बोलू नकोस आता. मोजते आहे."

मी तिच्या ओठांकडे बघते. ती मोजते आहे, हळूहळू. माझी छाती तिच्या आकड्यांच्या पुढे पळते आणि ती बोटं आणखी घट्ट दाबते. वरून कोणीतरी माझं नाव पुकारतं. नकाशा मागतं. मला उठायचंय.

"थांब," आत्या म्हणते. "मिनिट पुरं होऊ दे."

"आत्या, तू खालपर्यंत येशील ना?"

तिचं मोजणं चालू आहे.

पंखा फिरतोय. खिडकीतलं ऊन तिरकं झालंय, पाच वाजून गेलेत. उजवा हात दंडापासून बधिर, अंगाखाली तसाच अडकून राहिलेला. तो काढते तर बोटं हलत नाहीत, नुसत्या मुंग्या येतात. उशी ओली आहे.

डाव्या हाताने फोन ओढते. रविवार आहे, मॅडम उचलणार नाहीत, असं मनात येतं, आणि हा विचार पुरा व्हायच्या आत मी नंबर लावते. चौथ्या रिंगला त्या उचलतात.

"मॅडम, मी रिबका साळवे. मी गोळ्या सोमवारपासून एकदम बंद केल्यात. तुम्हाला कळवलं नाही." आणि मग चर्चमधलं सांगते.

मॅडम म्हणतात, "बरं झालं फोन केलात. मला नीट विचारू द्या. जीव द्यावा, असं काही मनात आहे का आत्ता?"

"नाही. नसले तरी चालेल, एवढंच."

"काळजी करायला तेही पुरेसं आहे. आज एकट्या राहायचं नाही. जुन्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत. उद्या नऊला या, मी तपासते, मग कुठून कसं उतरायचं ते ठरवू. रात्री काही वाढलं तर थेट दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. घरात कोण आहे?"

"विल्सन आहे."

"फोन त्यांना द्या."

मी हाक मारते. तो साबणाच्या हातांनीच येतो, भांडी घासत होता. माझ्या तोंडाकडे बघून टॉवेलसुद्धा शोधत नाही. मी डावा हात लांब करून फोन त्याच्याकडे धरते.

तो फोन घेत नाही. माझ्या मनगटाकडे बघतो.

"हे काय झालं?"

अंगठ्याच्या खाली, जिथे नाडी लागते तिथे, तीन लाल ठसे आहेत, एका रेषेत, बोटांच्या पेरांएवढे. माझा उजवा हात अजून मांडीवर बधिर पडलाय. विल्सन ओल्या बोटाने मधल्या ठशाला हळूच हात लावतो. तिथे कातडी अजून खोलगट आहे, आणि गार.