बांधावरची पंगत

आमचे दाजी कृष्णात, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, यांना गावानं वाळीत टाकलं ते हसले म्हणून. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाचा बांध कोरला नाही. हसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी पलटणीत हवालदार होतो आणि आता पेन्शन घेऊन कुंडलला बसलोय. खोटं बोलून मला काय मिळायचंय?

झालं असं. जर्मनीनं हात टेकले त्या उन्हाळ्यात लालासाहेब पाटलांच्या पोराचं, बाळासोचं, लग्न होतं. दाजींच्या वाडीत पाटील म्हणतील ती पूर्वदिशा. मी रजेवर होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वरात निघाली आणि बाजाच्या आवाजानं घोडं बिथरलं. ते नवरदेवाला घेऊन जे उधळलं ते थेट म्हशीच्या डबक्यात जाऊन बसलं. बाळासो वर आला तेव्हा अंगावरनं पाणी निथळत होतं आणि मुंडावळ्यांना शेवाळ लागलं होतं. सगळी वरात हसली. पाटलांनी डोळे वटारले तशी सगळ्यांनी तोंडं मिटली. दाजींना मिटता येईना. त्यांचं हसणंच तसलं. एकदा सुटलं की पोट धरून खाली बसायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, मग उचकी लागायची. वाजंत्री थांबली, घोडंसुद्धा थांबलं, दाजी थांबेनात.

पाटील जवळ आले आणि म्हणाले, "हसून घे, कृष्णाता. हितनं फुडं तुला एकट्यालाच हसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी चावडीवर ठरलं. दाजींच्या घराशी कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, न्हाव्यानं डोईला हात लावायचा नाही. बोलेल त्याला दंड. दाजी बिऱ्हाड घेऊन मळ्यातल्या खोपीत राहायला गेले. विहीर स्वतःची, म्हैस स्वतःची, पोटाला काही कमी नव्हतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. माझी भाची विजयमाला लग्नाला आली होती आणि पलूसच्या नाथाजींच्या पोराला पसंतही होती. नाथाजी माणूस वाईट नव्हता, पण त्यानं मला तोंडावर सांगितलं, "हवालदार, पोरगी लाखात एक हाय. पर मांडवात गाव आलं पायजे. गाव न आलेल्या मांडवात मी माझा पोरगा हुबा करायचा न्हाई. दोन-तीन लग्नसराया थांबतो, मग माझी वाट मोकळी."

लढाई संपून पेन्शनीत आलो तसा मी पाटलांकडं तीनदा गेलो. पाटील चहा पाजायचे, बर्माची लढाई विचारायचे आणि दाजींचं नाव निघालं की पानाला चुना लावत बसायचे. असा राग यायचा म्हणून सांगू! पण बहिणीचं गाव. बोलणार काय?

आता माणसाला बोलायला माणूस नसेल तर त्यानं करायचं काय? बायको, म्हणजे माझी बहीण बनाक्का, होती, पण ती बोलायची कमी आणि भांडायची जास्त. दाजी सकाळी न्याहारी घेऊन बांधावरच्या बाभळीखाली बसायला लागले आणि कावळ्यांकडं बघायला लागले. पहिल्यांदा एक आला, मग चार आले, मग वाडीतले सगळेच यायला लागले. वाडीत त्यांना दगड मिळायचे, इथं भाकरी. शहाणं पाखरू आहे ते, तुमच्या-आमच्यापेक्षा.

मी महिन्या-पंधरा दिवसांनी मळ्यात जायचो. पाहुण्याला बंदी नव्हती. गेलो की दाजी मला कोर्टातला दावा सांगावा तसं सांगत बसायचे. "आकाराम, ह्ये बघ, वाळली भाकरी कवा बी तशी खाणार न्हाई. म्हशीच्या पान्याच्या डोणीत भिजवून घेतंय. आपल्या म्हातारीला दात न्हवतं तवा ती तशीच खायाची." कधी घरट्याची गोष्ट. त्यांच्या घरट्यात काटक्या कमी आणि तारेचे तुकडे जास्त, आणि त्या तारा पाटलांच्या कुंपणाच्या. आषाढात तर दाजी दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. का, तर कावळीनं जीव तोडून वाढवलेलं पिल्लू कोकिळेचं निघालं. "लय फसवलं बिचारीला," असं ते मला इतक्या कळवळ्यानं सांगत होते की मी म्हणालो, "दाजी, तुमची पोरगी बिनलग्नाची बसलीय, तिचं बघा की!" ते उठून म्हशीकडं गेले. बोलायला नको होतं, पण मला राहवेना.

एक कावळा लंगडा होता. बाकीचे त्याला पंगतीत बसू द्यायचे नाहीत, टोचून हाकलायचे. तो लांब ढेकळावर बसायचा. दाजी त्याला वेगळा तुकडा टाकायचे.

"ह्याला बी वाळीत टाकलंय," दाजी म्हणाले.

"का बरं?"

"हसला असंल."

माझं आणि त्या जमातीचं मात्र कधी जमलं नाही. पहिल्याच भेटीत मी एक खडा मारला होता. त्यानंतर मी बांधावर पाय ठेवला की सगळे ओरडत डोक्यावर यायचे आणि पटक्यावर टोच मारायचे. पटका बदलून बघितला, तरी ओळखायचे. आमच्या सुभेदाराला माझं तोंड ओळखायला वर्ष लागलं होतं.

माणसांतला एक तेवढा देव होता, शेजारच्या मळ्यातला म्हातारा तात्याबा. दाजींशी बोलला तर दंड, म्हणून तो आपल्या बैलाशी बोलायचा. दाजी बांधावर दिसले की मोठ्यानं म्हणायचा, "ढवळ्या, उंद्या पाटाला पानी सुटनार हाय बरं का. दारं मोडून ठेव." ढवळ्या मान हलवायचा आणि दाजी वाफ्यांची दारं मोडून ठेवायचे.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या वाडीत बत्तासे वाटले. दाजींच्या खोपीकडं कुणी फिरकलं नाही. ब्रिटिश सरकार गेलं, पण पाटलांचं होतं तिथंच होतं. दुपारी एक कावळा चोचीत बत्तासा घेऊन आला आणि डोणीत भिजवून खाऊन गेला. दाजींनी मला हे हसत सांगितलं. विजयमाला उठून खोपीत गेली. तिला हसू आलं नव्हतं.

आणि मार्गशीर्षात लालासाहेब पाटील गेले. ताप आला आणि चार दिवसांत कारभार आटोपला. वाळीत टाकणारा गेला, पण टाकलेलं उठवायचं कुणी? चावडीत बोलायची कुणाची छाती नव्हती. बाळासोला तर अजून ते डबकं विसरता येत नव्हतं. नाथाजींनीही निरोप पाठवला होता की ही शेवटची लग्नसराई. बनाक्कानं मला बोलावून घेतलं, म्हणून पाटलांच्या दहाव्याला मी मळ्यात होतो.

सकाळची वेळ होती. दाजी बांधावर पंगत घेऊन बसले होते. मी कावळ्यांच्या धास्तीनं खोपीच्या दारात टॉवेल डोक्यावर घेऊन उभा. इतक्यात तात्याबा आणि बाळासो धापा टाकत आले. बाळासोचं डोकं गुळगुळीत आणि धोतर ओलं. दोघं बांधापलीकडं थांबले. वाळीत टाकलेलं अजून उठवलेलं नव्हतं, मग बोलायचं कसं? बाळासोनं तात्याबाकडं बघितलं. तात्याबानं आमच्या म्हशीकडं बघितलं.

"म्हशी," तात्याबा म्हणाला, "तुझ्या मालकाला सांग. पाटील आण्णांच्या पिंडाला कावळा शिवंना झालाय. सूर्व्या वर आला. लेकांनी सगळ्या शपथा घेतल्या. आमास्नी वाटतंय, आण्णांचा जीव तुझ्या मालकात अडकलाय."

ओढ्यावर काय झालं ते नंतर कळलं. पिंड ठेवला, शेजारी कानवले आणि पाटलांची आवडती तंबाखूची चंची ठेवली, आणि एक कावळा फिरकेना. बाळासो म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा नाही. धाकटा म्हणाला, मळ्याची वाटणी मागणार नाही. तोवर तो मागत होता हेच कुणाला माहीत नव्हतं. चुलता म्हणाला, दोन हात बांध सरकवला होता तो मागं घेतो. तरी कावळा नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू. बाळासो भडकला, "माझ्या बाला गवताचा कावळा?" मग कुणाला तरी दाजी आठवले.

इकडं दाजी तोंड उघडून बघतच राहिले. मग माझ्या कानाशी आले. "आकाराम, आरं, कावळं तर सगळी हितं जेवत्यात. त्यास्नी सांगाया पायजे."

"गप बसा," मी म्हणालो.

पण माझ्यापेक्षा बनाक्का चपळ. ती कमरेला पदर खोचून म्हशीजवळ गेली. "म्हशी, सांग त्यास्नी. मालक येत्याल. पर विजीच्या मांडवाला सगळं गाव येनार असंल तरच येत्याल. आनि ह्ये आत्ता, आण्णांच्या पिंडाम्होरं बोलायचं."

बाळासोनं मान खाली घातली. "येतंय म्हनून सांग," तो म्हशीला म्हणाला.

दाजी निघाले. मागून मी. आणि आमच्या मागून, या झाडावरनं त्या झाडावर, सगळी जमात. पंगत अर्धी राहिली होती ना! मी टॉवेल घट्ट धरला होता. मला कावळ्यांची भीती नव्हतीच. भीती दाजींची होती. ओढ्यावर सगळा गाव उभा होता. बाळासो जाऊन पिंडाशेजारी उभा राहिला. त्याच्या धोतरातून पाणी निथळत होतं, हुबेहूब त्या वरातीतल्यासारखं. मी दाजींकडं बघितलं. ओठ थरथरत होता. मेलो, म्हटलं! आता हे हसले तर विजयमाला जन्मभर खोपीत. मी त्यांच्या कमरेला असा चिमटा काढला की दुसरा कुणी असता तर ओरडला असता.

बाळासो पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "आण्णा, कृष्णाताला आमी पंगतीत घेतलं. विजीचं लगीन आपल्या घरचं समजून करतो." तात्याबा पुढं झाला, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कृष्णाता, बाबा, तू बी सांग त्यास्नी, मनात राग न्हाई म्हनून."

दाजी बांधावर बसायचे तसे मांडी घालून खाली बसले. बसले मात्र, आभाळ काळं झालं. एक कावळा शिवायचा तिथं सगळेच तुटून पडले. पिंड फस्त, कानवले फस्त, तंबाखूची चंचीसुद्धा एकानं उचलून नेली. लंगडा शेवटी आला आणि दोन शितं घेऊन बाजूला गेला. सगळा गाव हुंदके देत होता. आण्णांचा जीव इतका मोकळा होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

दाजींचे खांदे गदगदा हलत होते. त्यांनी तोंडावर पटक्याचा शेव धरला होता. घात झाला म्हणत मी खाली वाकून शेव ओढला, तर माणूस खरंच रडत होता.

"तात्याबानं नावानं हाक मारली रं," ते म्हणाले.

त्यानंतर दाजींना लय मान आला. म्हणजे कसला, तर ज्याच्या घरी कुणी वारेल त्याचं दहाव्याला पहिलं बोलावणं दाजींना. बारशाला, वास्तुशांतीला मात्र लोक त्यांना जरा बिचकूनच बोलवायचे. दाजी निमूट जायचे, मांडी घालून बसायचे, कावळे यायचे. हसायचे मात्र नाहीत. गावात कुठंच हसायचे नाहीत. बनाक्कानं शपथ घातली होती, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून.

वैशाखात विजयमालाचं लग्न झालं. खोपीपुढच्या मांडवात गाव आलं, कच्चंबच्चं आलं, बाळासो स्वतः वाढायला उभा राहिला. नाथाजी पलूसहून नवाकोरा जरीचा पटका बांधून आले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि कावळ्यांच्याही जेवणाची वेळ झाली. सगळे येऊन मांडवावर बसले. हाकलायची सोय नव्हती. कुजबुज सुरू झाली, "पाटील आलं, पाटील आलं." बायकांनी पदर पुढं घेऊन नमस्कार केले. तेवढ्यात एकानं नाथाजींच्या जरीच्या पटक्यावर बरोबर मध्यभागी आपला आशीर्वाद सोडला.

सगळा मांडव गार. नाथाजींनी वर बघितलं, क्षणभर विचार केला आणि हात जोडले.

आणि मग सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, दाजींकडं बघितलं. बनाक्कानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. बाळासो वाढता वाढता थांबला. दाजींच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी शांतपणे ओला पंचा आणला, नाथाजींचा पटका पुसून दिला आणि "जिलबी वाढा पावण्यास्नी," म्हणून मागच्या दारानं गेले. पंगत पुन्हा सुरू झाली. शेजारचा माणूस मला म्हणाला, "सुधारलं बघा, हवालदार, तुमचं दाजी."

बराच वेळ झाला तरी दाजी दिसेनात, म्हणून मी शोधायला गेलो. बांधावर, बाभळीच्या पलीकडं, मांडवातून दिसणार नाही अशा बेतानं ते खाली बसले होते. पोट धरलं होतं, तोंडात पटक्याचा बोळा कोंबला होता आणि आवाज न करता हसत होते. डोळ्यांतून पाणी, उचकी, सगळं पहिल्यासारखं. समोरच्या ढेकळावर तो लंगडा बसला होता. पाटील मेले होते, त्यांच्या नावानं पिंडसुद्धा पावला होता, पण त्यांनी वरातीत सांगितलेलं तंतोतंत चाललं होतं. मला इतका संताप आला की वाटलं, मांडवात जाऊन एकेकाला गचांडी धरून इथं आणावं आणि म्हणावं, बघा. पण मांडवात विजयमाला हिरव्या चुड्यात बसली होती.

दाजींनी मला बघितलं. तोंडातला बोळा काढला, म्हशीच्या डोणीत तोंड धुतलं आणि पटका नीट बांधला.

"चल," म्हणाले, "दुसरी पंगत बसली असंल."