मामाच्या साडीची सहा मिनिटं

प्रिय अनू आणि समीर,

अनूने नोकरी सोडून व्हिडिओची कामं स्वतंत्रपणे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तुमची आई फोनवर म्हणाली, "यात काम तरी काय असतं?" म्हणून हे लिहिते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्यात आम्ही हेच करायचो. तुमचे आजोबा लग्नाचं शूटिंग करत, मी घरी एडिटिंग.

एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर मूळ कॅसेट चालवायची, हवा तेवढा भाग दुसऱ्यावर उतरवायचा. ती दुसरी कॅसेट गिऱ्हाइकाची. मूळ कॅसेट पुसून तिच्यावर पुढचं लग्न.

एका सकाळी पवनीहून नवरीचे वडील दारात उभे.

"बाई, मामाची साडी काहून कापली जी?"

नवरीचा मामा विणकर. भाचीची साडी त्याने स्वतःच्या मागावर विणली होती. मांडवात तो ती घडी घडी उलगडून एकेकाला दाखवत होता. सहा मिनिटं. मी दहा सेकंद ठेवली होती.

"साडी दिसते की," मी म्हणाले.

"तुमाले दिसते. आमच्या घरी सारी गल्ली बसली होती पाहाले. मामा उठून गेला. आता पोरीले आणाले जात नाही म्हणते."

सासरहून पहिल्यांदा मुलीला आणायला त्यांच्याकडे मामाच जातो. मुलगी तिकडे वाट पाहत होती.

आणि मूळ कॅसेट आजोबांबरोबर भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या लग्नाला गेली होती. मी तशीच एसटीने निघाले. पोचले तेव्हा बँड वाजत होता, कॅमेरा खांद्यावर होता.

"कॅसेट काढा."

"अगं, नवरदेव उतरून राहिला."

"उतरू द्या."

पुटपुटत त्यांनी पिशवीतली दुसरी घातली. घरी येऊन पाहिलं. पवनीची हळद शहापूरच्या बँडखाली गेली होती. साडी पुढे होती, ती वाचली.

हळद गिऱ्हाइकाच्या कॅसेटमध्ये होतीच. मी नवी कॅसेट केली, साडी पूर्ण ठेवली. मामाला आमच्याच घरी बसवून दाखवली. तो हलला नाही. संपल्यावर चहा घेत म्हणाला, "मधात जराशी लांब वाटते जी. पण राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तो भाचीला आणायला गेला.

तेव्हापासून दोन नियम पाळले. कापण्याआधी ती वस्तू कोणी केली ते विचारायचं. आणि गिऱ्हाइकाच्या सगळ्या नातेवाइकांचं पाहून होईपर्यंत मूळ कॅसेटला हात लावायचा नाही.

दोन्ही व्हीसीआर केव्हाच भंगारात गेले. ती मूळ कॅसेट माझ्या कपाटात आहे. आधी शहापूरचा बँड, मग पवनीची साडी.