उजवीकडची सीट

स्कूटरसाठी आम्ही नंबर लावला होता. त्या काळी स्कूटर पैसे मोजून लगेच घरी आणता येत नसे. आधी नंबर लावायचा आणि मग वाट बघत केस पिकवायचे. ऐंशीच्या दशकातली चार-पाच वर्षं सरली, तरी आमचा नंबर जागचा हलला नव्हता. मी राहायला कर्जतला आणि शाळा खालापूरला. खोपोलीला रेल्वे जायची, पण तिच्या वेळा शाळेशी जुळायच्या नाहीत, आणि एसटी तर आपल्या मर्जीची मालकीण.

शाळेतलं माझं ते दुसरं वर्ष. दोन वर्षं पुरी झाली की एक तर कायम करतात, नाहीतर नारळ देतात. मी तिशी ओलांडलेली, आधीच्या दोन शाळा माझ्या फटकळ तोंडामुळे सुटलेल्या. ही सुटली असती तर चौथी मिळणार नव्हती, हे मलाही कळत होतं आणि माझ्या नवऱ्यालाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझ्या नावापुढे उशिराच्या लाल खुणा होत्या.

"बाई, शिकवता तुम्ही चांगलं," ते म्हणाले. "पण यापुढे घंटेच्या आधी दारात दिसला नाहीत, तर मी शिफारस करणार नाही."

मला राग आला, पण त्यांच्यावर काढण्यासारखा नव्हता. तो मी घरी येऊन नवऱ्यावर काढला. तो बिचारा रेल्वेच्या शेडमध्ये पाळ्या करणारा माणूस. त्यानं शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाला, "खोपोलीच्या शिळफाट्यावर एक गाडी आहे. स्कूटरपेक्षा स्वस्त पडेल. बघतेस का?"

स्कूटरपेक्षा स्वस्त गाडी म्हणजे तिला काय झालंय, हा माझा पहिला प्रश्न. शिळफाट्यावर एका चाचांची लाकडाची वखार होती. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता. त्यानं येताना ती गाडी आणली, थोडे दिवस मिरवली आणि परत गेला. चाचांनी ताडपत्री ओढली आणि मी हसायलाच लागले. लालभडक रंग, अंगावर काळा पट्टा, दोनच दारं. मागचं दार वर उघडायचं, जांभई दिल्यासारखं. आत बसलं की माणूस सीटमध्ये रुतून जायचा. वेगाच्या काट्यापुढे दोनशेपर्यंत आकडे होते. शर्यतीत पळवायची गाडी ती, आणि मी तिच्यातून नववीच्या वह्या नेणार होते.

मग माझं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. ते डावीकडे होतं. आखातात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून चालक डावीकडे बसतो. गाडी एवढी स्वस्त का, ते तेव्हा कळलं. कोण घेणार होतं ती?

चाचा मात्र सरळ माणूस. "बाई, इंजिन एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण ही एकट्या माणसाची गाडी नाही. पुढे ट्रक असला तर डावीकडून तुम्हाला समोरचं काही दिसणार नाही. उजवीकडे कुणीतरी बसलेलं पाहिजे, तुम्हाला वाट सांगायला. माझ्या मुलाशेजारी सूनबाई बसायची."

"मी बसेन," नवरा म्हणाला. त्याच्या पाळ्या मी विसरले नव्हते, तो विसरला होता.

गाडी घेतली. मागच्या दारावर पांढऱ्या रंगात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहून घेतलं. नवऱ्यानं चाकाखाली लिंबं ठेवली, मी दिवाळीची सुट्टीभर शिकले, लायसन्स काढलं, आणि शाळा उघडल्यावर आठवडाभर तो उजवीकडे बसून "जा", "थांब" करत राहिला. पुढच्या सोमवारी त्याची पाळी बदलली आणि मी एकटी निघाले.

भातकापणी उरकलेली होती. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर गवताचे ट्रक चालतात. गवत दोन्ही बाजूंनी इतकं बाहेर आलेलं असतं, की ट्रक दिसतच नाही. एखादी गंजी उठून चालू लागली आहे असं वाटतं. तशा एका गंजीमागे मी अडकले. पुढचं काही दिसेना आणि पुढे घालायची हिंमत होईना. पळसदरीच्या पुढच्या एका फाट्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. घड्याळ पुढे सरकत होतं. आज लाल खूण पडणार आणि नोकरी जाणार, एवढंच दिसत होतं.

तेवढ्यात उजवीकडच्या काचेवर टकटक झाली. एक म्हातारी वाकून आत बघत होती. शेजारी वांग्या-मुळ्यांनी भरलेली टोपली. तिनं रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय, तुजा डायवर कुटं गेला गं?"

"मीच ड्रायव्हर," मी तुसडेपणानं म्हणाले.

"मंग हितं कोन बसतंय?"

"कुणी नाही. तेच तर झालंय!" आणि का कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. ट्रक, घंटा, मुख्याध्यापक, सगळं. तिनं अर्धं ऐकलं, अर्धं ऐकलंच नाही.

"मला शिळफाट्याच्या बाजारला जायाचंय. येष्टी आली नाय. दार उघड, मी बगते म्होरलं."

टोपली आम्ही दोघींनी मिळून मागच्या दारातून आत ढकलली. जड होती, माझ्या हाताला वळ उठले. थोड्याच अंतरावर ती गवताची गंजी पुन्हा गाठली. म्हातारीनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि दारावर हातानं एकदा थाप मारली. मी ते "जा" समजले आणि गाडी बाहेर काढली. समोर एसटी! कशी आत घेतली ते आजही सांगता येणार नाही.

"मरायचं हाय काय?" म्हातारी ओरडली. "एक मारली ना मी!"

"एक म्हणजे जा ना?"

"एक म्हंजे थांब! दोन म्हंजे जा. येष्टीत कदी बसली नाय काय गं तू?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाईनं जन्मभर एसटीनं प्रवास केला होता. कंडक्टरनं घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. तिच्या हिशेबी जगातल्या सगळ्या गाड्या तशाच चालत असणार. मी शिकलेली, विज्ञानाची शिक्षिका, एवढी साधी गोष्ट ओळखू शकले नव्हते. आम्ही दोघी हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दोन थापा पडल्या आणि मी गेले. त्या दिवशी घंटेच्या आधी चार मिनिटं मी शाळेच्या दारात होते.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर उभी होती. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिळफाट्यावरून मी तिला घ्यायची. फाट्याआधीचं आणि शिळफाट्यापलीकडचं थोडं अंतर मी ट्रकच्या मागे निमूट राहून काढायची. आमचं असं काही ठरलं नव्हतं; ते होऊनच गेलं. एक थाप, दोन थापा, आणि मध्ये तिच्या गप्पा. नदीकाठच्या तुकड्यात भात निघाल्यावर ती भाजी करायची. नवरा कधीच गेला होता, मुलगा-सून घरचं बघत होते. माझं तोंड फटकळ, तिचं माझ्याहून फटकळ. "नवऱ्यावर वराडतेस तशी सायबावर वराडू नकोस, काम हाय तुजं," असं ती मला रोज एकदा तरी सुनवायची. मला कुणी शिकवलेलं कधी चाललं नाही, तिचं मात्र चालायचं.

पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला. ऊन तापायला लागलं. ती मात्र रोज फाट्यावर, टोपलीवर तेच हिरव्या काठाचं फडकं. आता मला ती उतरूही देत नसे. "तू बस गं, उशीर व्हईल. मी ठेवते टोपली." मागचं दार वर जायचं, खाली यायचं, की ती शेजारी येऊन बसायची. माझं लक्ष घड्याळावर आणि रस्त्यावर. माझं लक्ष स्वतःवर, असंच खरं तर म्हणायला हवं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि एक कागद हातात दिला. मला सेवेत कायम केलं होतं. "दिवाळीनंतर एकही लाल खूण नाही," ते म्हणाले, आणि चक्क हसले. मी त्यांचे आभार मानले आणि जवळजवळ पळतच गाडीशी आले.

संध्याकाळी शिळफाट्यावर ती चाचांच्या वखारीच्या सावलीत बसली होती. मी कागद तिच्यापुढे नाचवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला ते माझ्या तोंडावरच दिसलं. "झालीस कायम?" तिनं विचारलं आणि माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

"आज तुझी उरलेली सगळी भाजी मी घेणार," मी म्हणाले आणि ती नको नको म्हणत असताना टोपली उचलली.

टोपली उचलायला जोरच लागला नाही. मी हिरव्या काठाचं फडकं बाजूला केलं. आत चुंबळ होती, पाण्याची बाटली होती, आणि भाकरीचं रिकामं फडकं. दुसरं काही नव्हतं.

"भाजी कुठाय?"

"भाजी कुटली गं आता? शिमग्याच्या आदीच वाफे सुकलं."

"मग तू रोज येतेस कशाला?"

तिनं फडकं ओढून टोपली पुन्हा झाकली. बोलले चाचा, वखारीच्या दारातून. "बाई, ती सकाळपासून इथंच बसून असते. मी म्हटलं, म्हातारे, घरी राहा. तर म्हणाली, बाईला उजवीकडचं दिसत नाय."

मला रडू फुटलं. मग रागही आला, माझ्यावरच. दीड महिना ही बाई भर उन्हात रिकामी टोपली घेऊन येत होती, दिवसभर लाकडांच्या ढिगाशेजारी बसत होती, आणि मी शेजारी बसून तिला एकदाही विचारलं नव्हतं, की आज बाजार कसा झाला?

"रडतेस काय?" ती म्हणाली. "रिकामी आले आसते तर तू बसू दिली आसतीस काय? मला घरी नेऊन सोडली आसतीस. चल आता, उन्हं उतरली."

फाट्यावर मी गाडी थांबवली. ती उतरली, मागून टोपली काढून घेतली, दार लावलं आणि उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. मग दारावर दोन थापा मारल्या. जा.

एवढ्या महिन्यांत तिची डबल बेल मी कधी मोडली नव्हती. त्या संध्याकाळी मोडली. गाडी बंद केली, खाली उतरले, तिच्या हातातली टोपली घेऊन माझ्या डोक्यावर ठेवली, आणि नदीकडच्या पायवाटेनं तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत चालत गेले.